एकावन्न खुणा आणि एक

रामकिसन आबांनी बायकोच्या वर्षश्राद्धाला येणाऱ्या माणसांना एकेक वाचनखूण द्यायचं ठरवलं, तेव्हा दिंद्रुडमध्ये पुस्तक वाचणारी माणसं किती, हा विचार त्यांनी केला नव्हता. केला असता तर एका खुणेत काम भागलं असतं, आणि तीही त्यांना घरातच ठेवता आली असती.

सून बबिता म्हणाली होती, "मामा, स्टीलचे डबे देऊ. नाव घालून. समदे तेच देतेत."

हे खरं होतं. गावात कोणी गेलं की वर्षभराने त्याचा डबा होतो. आबांच्या स्वयंपाकघरात जिऱ्याच्या डब्यात बंकट पाटील होते, हळदीत त्यांची आई होती, आणि मिठाच्या डब्यावरचं 'कै.'च्या पुढचं नाव घासून घासून गेलं होतं, त्यामुळे ते मीठ कोणाच्या स्मरणार्थ खायचं ते कळत नव्हतं. केशरबाईने असं कोणाच्या तरी फोडणीशेजारी जाऊन बसावं, हे आबांना सोसेना.

वाचनखूण त्यांना एका जुन्या मासिकात सापडली होती. पुठ्ठ्याची पट्टी, वर कापडाचा तुकडा, मध्ये डिंक. पाच मिनिटांत तयार, असं तिथे लिहिलं होतं. मासिकातल्या मुलीला खरोखरच पाच मिनिटं लागली असतील. ती नऊ वर्षांची होती आणि तिच्या शेजारी शेळी नव्हती.

खुणेचं कारण केशरबाईच होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण चव्वेचाळीस वर्षं दुपारी आबा पुस्तक छातीवर घेऊन खुर्चीत झोपले की ती हलक्या हाताने पुस्तक उचलायची, आपल्या बोचक्यातली एक चिंधी त्यात घालायची आणि पुस्तक फळीवर ठेवायची. तेराव्याला तिची लुगडी बहिणी आणि नणंदा घेऊन गेल्या. वाकळेसाठी साठवलेलं चिंध्यांचं बोचकं तेवढं कोणी मागितलं नाही. ते आबांच्या वाट्याला आलं.

आणि एक चिंधी फळीवरच्या पुस्तकात होती. हिरवी, बोटभर रुंद. गेल्या माघात तिने ती घातली, पुस्तक फळीवर ठेवलं, सरपण आणायला परसात गेली आणि तिथेच बसली. पुन्हा उठली नाही. ते पुस्तक आबांनी वर्षभर उघडलं नव्हतं. हिमालयात पायी निघालेल्या एका प्रवाशाचं जाडजूड प्रवासवर्णन होतं ते. आबांच्या आठवणीप्रमाणे तो प्रवासी झुलत्या पुलाच्या पहिल्या फळीवर पाय ठेवून उभा होता, आणि वर्ष झालं तरी बिचारा तसाच उभा होता. चिंधी निघाली की तिने शेवटचं केलेलं काम मोडणार. ती चिंधी होती तोवर एक पान तरी तिच्या हातचं होतं.

अर्थात 'आबांच्या आठवणीप्रमाणे' याला फारसा अर्थ नव्हता. आपली स्मरणशक्ती गळकी आहे हे आबांना तरुणपणापासून माहीत होतं. पुस्तक उघडावं, खुणेपासून सुरू करावं, तर पहिली काही पानं आधीच वाचल्यासारखी वाटत. दुसऱ्या माणसाने म्हटलं असतं की वाचली असतील. आबांना वाटे, आपल्याला भास होतोय. पुढे पुढे त्यांना प्रत्येक गोष्टीबद्दल तसं वाटू लागलं. गावच्या वाचनालयाच्या पन्नासाव्या वर्षी त्यांना दहा मिनिटं बोलायला सांगितलं, तेव्हा ऐनवेळी काही आठवलं नाही तर, या भीतीने ते तापाचं निमित्त करून घरी बसले. माजलगावच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ब्राह्मीचं तेल तर वीस वर्षं चाललं. केशरबाई रोज सकाळी ते त्यांच्या टाळूवर चोळायची, मन लावून.

तर, पुठ्ठा.

वाचनालयात आबांनी स्वतःच्या हाताने लिहिलेली जुनी सूचिपत्रं, पुस्तकागणिक एक जाड कार्ड, पोत्यात भरून पडली होती. सगळं संगणकावर गेल्यापासून ती फक्त उंदीर चाळत. आबा तीस वर्षं तिथे ग्रंथपाल होते. तरी दारात चपला काढून, कोणाचा तरी चुकलेला पाहुणा असावा तसे ते आत गेले.

"देता येणार नाहीत," सचिव म्हणाले. "निर्लेखन झालेलं नाही. नोंदवहीत अजून चालू आहेत."

"पण उंदीर खातायत."

"उंदरांना आपण दिलेली नाहीत ना, आबा. तुम्हाला दिली तर ते देणं झालं. निर्लेखनाला ठराव लागतो, ठरावाला अध्यक्षांची सही लागते."

अध्यक्ष म्हणजे अमरसिंह. जमीन, जीप आणि शब्द, तिन्ही वजनदार. वाचनालयाचे ते अठरा वर्षं अध्यक्ष होते आणि या अठरा वर्षांत त्यांनी तिथलं एकही पुस्तक उघडून खराब केलं नव्हतं.

"मग त्यांची सही..."

"साहेब आठ दिवस झाले संभाजीनगरला अतिदक्षता विभागात आहेत. शुद्ध नाही." सचिवांनी आवाज खाली आणला. "शुद्धीवर आले तर पहिला विषय तुमचाच घेतो."

एका मरणाऱ्या माणसाने शुद्धीवर येताक्षणी आपल्या पुठ्ठ्यावर सही करावी, अशी प्रार्थना करणं बरं दिसणार नाही, म्हणून आबा घरी आले. पलंगाखाली वीस वर्षांच्या लग्नपत्रिका होत्या. जाड, गुळगुळीत, एक बाजू कोरी. छापील बाजूवर कापड चिकटवायचं, कोऱ्या बाजूवर स्वतःच्या अक्षरात 'केशरबाई यांच्या स्मरणार्थ' लिहायचं. आबांना आयुष्यात प्रथमच वाटलं, आपल्याला व्यवहार कळतो.

डिंकाबाबत मात्र गावात दोन पक्ष पडले. शेजारची रतनबाई, केशरबाईची जन्माची मैत्रीण, कुंपणावरून म्हणाली, "भाऊजी, इकतचं कशापायी? मैद्याची खळ शिजवा. पतंगाला लावतो तशी."

तेवढ्यात बिभीषण आला. तलाठी कार्यालयातून निवृत्त झाला होता, पण सल्ला देण्यातून झाला नव्हता. "खळीत मोरचूद घाल बे रामकिसन. न्हाईतर किडा लागंल. आमच्या दप्तराला बांधणीवाले घालायचे. निजामाच्या काळची कागदं हायत, अजून कीड न्हाई."

मोरचूद विषारी असतं हे आबांनी वाचलं होतं. कुठे वाचलं ते आठवेना, म्हणून वाचलंय का याची शंका आली, आणि शंका आली की आबा काहीच करत नसत. त्यांनी नुसती खळ वापरली. चार दिवस खपून, बोटं एकमेकांना चिकटवून घेत, सव्वीस खुणा केल्या आणि अंगणात चादरीवर वाळत घातल्या. तोंड धुवायला आत गेले. बाहेर आले तेव्हा रतनबाईची शेळी चादर चाटत होती.

मैद्याची खळ, जुनं सुती कापड आणि जाड कागद. शेळीच्या दृष्टीने ते पंचपक्वान्नच होतं. तिच्या तोंडातून एक जांभळी दशी लोंबत होती. ते केशरबाईचं संक्रांतीचं लुगडं होतं.

रतनबाई धावत आली. आबांना वाटलं, माफी मागेल.

"भाऊजी! मोरचूद घातलं व्हतं का त्यात?"

"नाही."

"देवानं वाचवली बाई माझी शेळी." तिने शेळीचं पोट चाचपलं. "पन फुगलंय बगा. तुमच्याच कागदानं फुगलंय."

मग अख्खी दुपार रामकिसन आबा, निवृत्त ग्रंथपाल, शेळीच्या पोटावर हिंगाचं पाणी चोळत बसले. जाणारे-येणारे थांबत. कोणी विचारलं नाही, पण थांबत. मोरचूद घातलं असतं तर खुणा वाचल्या असत्या आणि शेळी गेली असती, हे त्यांच्या मनात आलं. असं काही मनात आल्याची त्यांना लाज वाटली आणि ते आणखी जोरात चोळू लागले.

दुसऱ्या खेपेला बिभीषणचं राज्य. "बाभळीचा डिंक घे. खडा पाण्यात भिजव. शेळी काय, तिचा बाप तोंड लावणार न्हाई." डिंक त्यानेच बांधावरून आणून दिला. चिंध्या आता कमी उरल्या होत्या, पट्ट्या अरुंद कापाव्या लागल्या. शेवटच्या दोन खुणांना बोचकं बांधायचं फडकंच कापलं. एकावन्न भरल्या. बोचकं संपलं. घरात केशरबाईचं कापड म्हणून आता फळीवरच्या पुस्तकातली तेवढी हिरवी चिंधी राहिली. आबांनी त्या दिवशी तिच्याकडे दोनदा पाहिलं, आणि तिसऱ्यांदा पाहायचं टाळलं.

वर्षश्राद्धाला माणूस बरं जमलं. कीर्तन झालं, पंगती उठल्या. माणसं हात धुऊन येत होती आणि आबा ओट्याच्या पायरीशी टोपली घेऊन उभे होते. त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या मुलासारखा झाला होता.

"हे काय हाय, आबा?" पहिल्यानेच विचारलं.

"खूण. पुस्तकात ठेवायची."

"बरं." त्याने ती उलटसुलट केली. "आन पुस्तक?"

"पुस्तक... तुमचं तुम्ही."

त्याने ती खिशात घातली, पण टोपलीत अजून काही निघेल म्हणून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला. बिभीषणने आपल्या खुणेने तिथल्या तिथे कान कोरला आणि अभिप्राय दिला, "मऊ हाय." बायकांनी तर हातच पुढे केला नाही. गेलेल्या बाईचं कापड, ते घरात कशाला, असं कुजबुजत त्या भिंतीकडे सरकल्या. आबांनी टोपली दुसऱ्या हातात घेतली.

आणि मग बाभळीच्या डिंकाने आपला गुण दाखवला. बाभळीचा डिंक पाण्यात विरघळतो. हे बिभीषणला माहीत होतं, त्यानेच तो पाण्यात भिजवायला सांगितला होता. आणि आबांनाही माहीत होतं, त्यांनी तो भिजवला होता. पण हात धुऊन आलेल्या माणसाच्या हातालाही पाणीच असतं, हे दोघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

चकलांब्याहून केशरबाईचे धाकटे भाऊ अर्जुनराव आले होते. बहिणीच्या आठवणीने त्यांचा ऊर भरला होता. त्यांनी खूण ओल्या हातांत घट्ट धरली, डोळ्याला लावली. डोळेही ओलेच होते. कापड त्यांच्या बोटांत आलं आणि पट्टी खाली पडली. उचलून त्यांनी चष्मा लावला. मागची बाजू वाचली, "केशरबाई यांच्या स्मरणार्थ." मग पुढची बाजू वाचली, मोठ्याने, कारण ते सगळंच मोठ्याने वाचत, "आमच्या लाडक्या मामाच्या लग्नाला यायचं हं!"

हात धुणारे थांबले. पाण्याच्या टाकीचा नळ तेवढा गळत होता.

"दाजी," अर्जुनराव म्हणाले. त्यांनी पट्टी आबांपुढे धरली. "वर्ष झालं न झालं, आन तुमी पत्रिका वाटायला लागलात?"

"अर्जुनराव, ती जुनी..."

"जुनी? कवापासून चाललंय हे?"

"पत्रिका जुनी हो! पुठ्ठ्यासाठी!"

पण आता सगळेच आपापल्या पट्ट्या सोलू लागले होते. कोणाच्या हातात अर्धा गणपती आला, कोणाच्या हातात 'आहेर आणू नये', कोणाच्या हातात 'मुहूर्त दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी'. एका म्हाताऱ्याने, "कधीचा म्हणायचा?" असं शांतपणे विचारलंसुद्धा. एक पोरगं नवरी कोण म्हणून इकडेतिकडे बघू लागलं. आबांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि नेहमीप्रमाणे ऐनवेळी त्यांना काहीच आठवेना.

त्या वेळी रतनबाई भिंतीपासून पुढे आली.

"गप बसा की वं!" ती म्हणाली. "कागदाकडं कावून बघता? कापडाकडं बघा. केशर कशी गेली? भरल्या कुंकवानं गेली. नवऱ्याआधी गेली. हितं बसलेल्या किती जणींच्या नशिबी हाय ते? सवाष्ण बाईच्या अंगावरच्या लुगड्याची चिंधी हाय ही, आन तुमी नाकं मुरडता?"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. मग टोपलीकडे. पुढच्या दोन मिनिटांत टोपली रिकामी झाली. पुरुषांच्या खिशांतल्या खुणाही निघाल्या. बिभीषणच्या बायकोने त्याची खूण काढून घेतली, धुऊन घेतली आणि पदराला बांधली. पुठ्ठे अंगणभर पडले. वाचनखुणेची अशी मागणी आबांनी तीस वर्षांत पाहिली नव्हती, आणि त्यांच्या लक्षात आलं की ती त्यांच्या जिवंत राहण्यामुळे आहे. केशरबाईचं भाग्य म्हणजे ते स्वतः मागे राहिले, एवढंच होतं. यावर काय वाटून घ्यावं ते त्यांना ठरवता येईना.

सगळे निघत असताना जीप आली. अमरसिंहांच्या पत्नी सत्यशीलाबाई उतरल्या. दवाखान्यातून सरळ आल्या होत्या. साडी चुरगळलेली, डोळे खोल गेलेले. या बाईने आजवर कोणाच्या दारात जाऊन काही मागितल्याचं गावाने पाहिलं नव्हतं. फोनवरून कोणीतरी चिंध्यांची बातमी पोचवली होती.

"आबा," त्या म्हणाल्या, "डॉक्टरांनी हात टेकलेत. केशरकाकूंची एक चिंधी मिळंल का? ह्यांच्या मनगटाला बांधते."

"संपल्या, बाई," आबा म्हणाले. ते खरं होतं. जवळजवळ.

सत्यशीलाबाईंनी मान हलवली. वाद घातला नाही. त्यांचा पुढे केलेला हात तसाच राहिला, मागे घ्यायचं त्यांना सुचलं नसावं. बबिताने त्या हाताकडे पाहिलं, मग आत फळीकडे पाहिलं. तिचं मन चांगलं होतं. या घरात बऱ्याच गोष्टी त्यामुळेच झाल्या होत्या.

"मामा," ती हळूच म्हणाली, "ती पुस्तकातली हाय की."

आबा वळले. आत गेले. पुस्तक फळीवरून काढलं. नाही म्हणायचे शब्द त्यांनी दारापर्यंत जुळवत आणले आणि त्या रिकाम्या हातासमोर आल्यावर ते विसरले. मग त्यांनी एक हिशोबी युक्ती केली. डोळे मिटून चिंधीच्या जागी उजव्या हाताचं बोट घातलं, डाव्या हाताने चिंधी ओढून काढली आणि पुढे केली. चिंधी गेली तरी पान राहील. पुढे कागदाचा कपटा घालता येईल.

सत्यशीलाबाईंनी चिंधी कपाळाला लावली आणि वाकून आबांच्या पायावर डोकं ठेवलं. उठेनात.

"भाऊजी, आशीर्वाद द्या की," रतनबाई म्हणाली.

डाव्या हाताने आशीर्वाद देत नाहीत. एवढं आबांना कळत होतं. सगळं अंगण बघत होतं. त्यांनी उजवा हात सत्यशीलाबाईंच्या डोक्यावर ठेवला. "अखंड सौभाग्यवती हो," ते म्हणाले, आणि पुस्तक थप् करून मिटलं.

तिसऱ्या दिवशी अमरसिंह गेले.

आबा अंत्यविधीला गेले होते. तिरडीवर हार-तुऱ्यांच्या ढिगाखालून एक हात दिसत होता आणि त्याच्या मनगटाला हिरवी चिंधी होती. जन्मात पुस्तक न उघडलेला माणूस आबांची खूण घेऊन गेला. दोघातिघांनी भाषणं केली. वाचनालयाचा आधारस्तंभ कोसळला, असं सचिव म्हणाले.

घरी येऊन आबांनी अंघोळ केली आणि ओट्यावर बसले. पलीकडे रतनबाई तुरी पाखडत होती. शेळी आबांना ओळखू लागली होती, ती कुंपणातून मान काढून त्यांचा हात चाटत होती.

"भाऊजी, तोंड कावून येवढं उतरलंय? अमरसिंहाचं येवढं लागलं का?"

"नाही," आबा म्हणाले. मग लाज वाटून म्हणाले, "लागलं, पण तसं नाही. केशरची शेवटची खूण गेली, रतनबाई. कुठल्या पानावर होती ते आता कधीच कळायचं नाही."

रतनबाईचं सूप थांबलं. तिने पदर तोंडाला लावला. आबांना वाटलं, रडतेय. ती हसत होती.

"त्या खुणेचं काय घिऊन बसलाव? ती कुठं खरी व्हती."

"म्हणजे?"

"केशर चार पानं मागं सारायची तिला. रोज. तुमी जिथं झोपलाव तिथनं चार पानं मोजायची, मागं, आन तिथं चिंधी घालायची. म्हणायची, रतन, पुस्तक सरलं की म्हातारा उदास व्हतो बग. दोन दोन दिस भाकरीवर चित्त नसतं. चार पानं मागं सारली की तेवढंच पुरतं. वरणात पाणी वाढवल्यावानी."

"तिला वाचता येत नव्हतं."

"चारपातुर मोजाया येत व्हतं की."

"चव्वेचाळीस वर्षं?"

"मला सांगितल्याला तरी तीस झाली असतील. तुमाला ठावं न्हवतं?" रतनबाईने सूप पुन्हा हलवलं. "येवढं वाचता आन येवढं कळलं न्हाई तुमाला?"

आबा उठून घरात गेले. भिंतीवरच्या फोटोपुढे उभे राहिले. माजलगावच्या गोळ्या त्यांना आठवल्या. न केलेलं भाषण आठवलं, शब्दन् शब्द. टाळूवरचा तिचा हात आठवला. सकाळी तेल चोळायचं, दुपारी पानं मागे सारायची, आणि दोन्ही तेवढ्याच मन लावून. वर्षभरात त्यांना तिच्यावर राग आला नव्हता. आता आला, चांगला मोठा, आणि भांडायला समोर फोटो.

"केशर," ते म्हणाले. पुढचं वाक्य चव्वेचाळीस वर्षं लांबीचं होतं, ते कुठून धरावं ते सुचेना.

मग त्यांनी फळीवरचं पुस्तक घेतलं आणि उघडलं. झुलता पूल दोनशे बाराव्या पानावर होता. पहिल्याच झटक्यात सापडला. प्रवासी पहिल्या फळीवर पाय ठेवून उभा होता, अगदी त्यांना आठवत होता तसा, खाली पाण्याचा आवाज, डाव्या हातात काठी. आबांच्या आठवणीत कुठेही भोक नव्हतं.

ते एकेक पान मागे उलटू लागले. एक. दोन. तीन. चौथ्या पानाच्या फटीत, दोन ओळींवर, बोटभर रुंद हिरवा डाग होता. चिंधीचा कच्चा रंग वर्षभरात कागदाला लागला होता. त्या पानावर प्रवासी अजून धर्मशाळेतच होता. चहा मागत होता, आणि तिथला म्हातारा त्याला सांगत होता की घाई करू नका, पूल कुठे पळून जात नाही.

आबांनी खुर्ची उजेडाला ओढली आणि डागापासून वाचायला घेतलं.

बबिता पाणी घेऊन आली. पानं मागे गेलेली तिने पाहिली होती. "मामा, मागं कावून चाललात? ही तर वाचून झाली असतील की तुमची."

"झालीयत," आबा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्याची खात्री होती.